नानी नर्स होती

बारावीचा निकाल लागून आठवडा झाला होता. असरनंतर दारावर थाप पडली. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचे वडील पेढ्यांचा पुडा घेऊन आले होते. मुलगी चांगल्या गुणांनी पास झाली होती, पण वडिलांच्या चेहऱ्यावर आनंदापेक्षा काळजीच जास्त दिसत होती.

"मॅडम, पोरगी नर्सिंगचा अर्ज भरायचा म्हणते. तुमचं ऐकते ती. तिला डी.एड.कडे वळवा ना. शिक्षिका झाली तर कुणी बोट दाखवणार नाही. नर्स म्हटलं की रिश्त्याला अडचण येते. रात्रपाळी, परक्या माणसांना हात लावणं... तुम्हाला काय सांगायचं!"

मला खरेच काही सांगायची गरज नव्हती. हे सारे बोलणे मी माझ्याच घरात ऐकलेले होते. मी चहा ठेवला आणि म्हटले, "भाईसाहेब, थोडा वेळ आहे ना? माझी नानी नर्स होती."

एवढे चार शब्दांचे वाक्य. पण वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत मला ते चारचौघांत बोलता आले नव्हते. त्या दिवशी त्या गृहस्थांना जे सांगितले, तेच आज वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवत आहे.

फायनल पास मुलगी

आमचे गाव मिरज. दवाखान्यांचे आणि सतारींचे गाव. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली येथे मिशनचे रुग्णालय उभे केले आणि तेव्हापासून कर्नाटक, कोकण, गोवा अशा लांबलांबच्या भागांतून रोगी मिरजेला येत राहिले. मीरासाहेबांच्या दर्ग्यावर जितकी गर्दी, तितकीच दवाखान्यांच्या दारात. पण गंमत पाहा. आमच्या मोहल्ल्यातला प्रत्येक माणूस नर्सच्या हातून सुई टोचून घ्यायला तयार होता. आपल्या घरची मुलगी नर्स व्हावी, याला मात्र कुणीच तयार नव्हते.

माझ्या नानीचा जन्म १९३२ चा. तिचे वडील लोकल बोर्डाच्या शाळेत शिक्षक होते. त्यांनी मुलीला मराठी सातवीपर्यंत, म्हणजे त्या वेळच्या फायनलपर्यंत शिकवले. घरात उर्दू आणि कुरआन शरीफ शिकवले ते वेगळे. सोळाव्या वर्षी तिचे लग्न झाले आणि बाविसाव्या वर्षी ती विधवा झाली. पदरात दोन मुले. मामू चार वर्षांचे आणि माझी अम्मी दीड वर्षाची.

इद्दतीचे चार महिने दहा दिवस संपले, तशी घरात चर्चा सुरू झाली. कुणी दुसरा निकाह सुचवला, कुणी शिवणकाम, कुणी विड्या वळायचे काम. नानीने वडिलांना एकच सांगितले, "अब्बा, नर्सचा कोर्स आहे. फायनल पास बाई चालते. दोन वर्षं शिकवतात आणि विद्यावेतनही देतात."

थोरल्या भावाने आकांडतांडव केले. "खानदानात आजवर कुणी परक्यांचं मलमूत्र उचललं नाही," असे तो म्हणाला. वडील मात्र शांत होते. नानी सांगायची, त्या रात्री इशाच्या नमाजनंतर त्यांनी मुलाला समोर बसवले आणि मदीनेची हकीकत सांगितली. हिजरी सन ५ मध्ये खंदकच्या लढाईत हजरत सअद बिन मुआज (रजि.) यांना बाण लागला, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना हजरत रुफैदा (रजि.) यांच्या तंबूत ठेवायला सांगितले. हजरत रुफैदा जखमींची शुश्रूषा करत आणि त्यांचा तो तंबू कुठे दूर माळावर नव्हता, खुद्द मस्जिदे नबवीत होता. हजरत उम्मे अतिय्या (रजि.) सात मोहिमांत गेल्या, तिथे त्या जेवण रांधत आणि जखमींची मलमपट्टी करत. हजरत रुबय्यी बिन्ते मुअव्विज (रजि.) लढाईत जखमींना पाणी पाजत. एवढे सांगून वडील म्हणाले, "यांच्यापेक्षा आपलं खानदान मोठं आहे का?"

भावाकडे उत्तर नव्हते, पण राग होता. दोन वर्षे त्याने बहिणीशी अबोला धरला. तिसऱ्या वर्षी ईदला आला आणि दारातच उभा राहिला. नानीने शीरखुर्म्याचा वाडगा पुढे केला. त्याने घेतला. माफी वगैरे काही झाली नाही. झाले ते एवढेच.

१९५७ साली कोर्स पुरा करून नानी नोकरीला लागली. तेव्हा आमच्या जिल्ह्याचे नावही सांगली नव्हते, दक्षिण सातारा होते.

पिशवीत काय होते

तेहतीस वर्षे ती खेड्यापाड्यांतून फिरली. पांढरी साडी, कोपरापर्यंत बाह्यांचा पोलका, डोक्यावर पदर, एका हातात छत्री आणि दुसऱ्या खांद्याला पिशवी. गावकरी तिला 'नर्सबाई' म्हणत, आमच्या समाजातल्या बाया 'आपा' म्हणत. एस.टी. असेल तिथे एस.टी.ने, नाही तर बैलगाडीने, तीही नसेल तर पायी.

त्या पिशवीत काय काय आहे ते मला लहानपणी पाठ होते. काचेची सिरिंज, सुयांची डबी, स्पिरिटची बाटली, नाळ बांधायचा दोरा, कात्री, साबणाची वडी, बाळाचे वजन करायचा काटा आणि आईच्या पोटाला लावून बाळाचे ठोके ऐकायची पत्र्याची नळी. तळाशी घडी घातलेली जानमाज. तेव्हा एकदा वापरून फेकायच्या सुया नव्हत्या. स्टोव्हवर पाणी उकळायचे, त्यात सिरिंज आणि सुया उकळायच्या, मगच टोचायचे. पाण्याला उकळी फुटून वीस मिनिटे होईपर्यंत ती घड्याळाकडे बघत बसे. पंधराव्या मिनिटाला कुणी घाई केली तरी ऐकत नसे.

तिच्या नोकरीच्या सुरुवातीला खेड्यात बाळंतपण म्हणजे घरातली सर्वांत अंधारी खोली, अंगाखाली जुने फाटके आणि नाळ कापायला घरातला विळा. नाळेवर राख किंवा शेण लावायची रीत होती. मग आठवड्याच्या आत बाळ दूध ओढेनासे होई, अंग ताठ होई आणि बाळ जाई. गावात म्हणत सटवाईचा कोप, आमच्या मोहल्ल्यात म्हणत नजर लागली. नानी म्हणे, "नजर नाही, विळा." तो धनुर्वात होता. त्यासाठी तिने सुइणींशी भांडण केले नाही, त्यांच्याशी मैत्री केली. हात स्वच्छ, जागा स्वच्छ, ब्लेड स्वच्छ, दोरा स्वच्छ आणि नाळेला काहीही लावायचे नाही, हे पाच नियम तिने त्यांच्याकडून बोटांवर मोजून घोकून घेतले. गरोदर बाईला धनुर्वाताची इंजेक्शने देण्यासाठी ती एकेका घरी तीन-तीन खेपा घालत असे. २०१५ साली भारतातून माता आणि नवजात बालकांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले, तेव्हा वर्तमानपत्रातली ती छोटी बातमी मी कापून ठेवली. त्या बातमीत माझ्या नानीचे नाव नव्हते, पण तिच्या चपलांची झीज त्यात होती.

१९७२ च्या दुष्काळात जत, कवठेमहांकाळकडची माणसे खडी फोडायच्या कामावर होती. उन्हात तान्ही पोरे झोळीत टांगलेली असत. मिळेल ते पाणी पिऊन हगवण लागे. जलसंजीवनीची पाकिटे तेव्हा आमच्या भागात कुणी पाहिली नव्हती. नंतरच्या काळात ती आली, आणि पाकीट नसेल तर घरी काय करायचे हेही नानी शिकवू लागली. एक लिटर उकळून गार केलेले पाणी, सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचे सपाट, शीग लावायची नाही. मूल ओकले तरी दहा मिनिटे थांबून पुन्हा घोट घोट पाजायचे. आमच्या घरातल्या प्रत्येक मुलीला बिर्याणीच्या आधी हे प्रमाण पाठ झाले.

१९८६ चा रमजान ऐन मे महिन्यात आला होता. शाळेला सुटी होती म्हणून मी नानीकडे गावी राहायला गेले होते. इफ्तारचे ताट समोर होते. अजान झाली, नानीने खजूर तोंडात टाकली, आणि अंगणात सायकल वाजली. पलीकडच्या वस्तीवर एक बाई अडली होती. नानीने पाण्याचे दोन घोट घेतले, पिशवी उचलली आणि निघाली. मगरिबची नमाज तिने शेताच्या बांधावर अदा केली. सेहरीच्या वेळी मला डेटॉलच्या वासाने जाग आली. ती हात धूत होती. "मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत," म्हणाली आणि सेहरीला बसली. रात्री ताटात ठेवलेली भजी तशीच होती. तीच तिने खाल्ली.

एक पान

सरकारी रजिस्टर वेगळे, पण नानी स्वतःचीही एक वही ठेवत असे. उर्दूत लिहिलेली. तारीख, गाव, मुलगा की मुलगी, वजन. अशा पाच वह्या भरल्या. त्यात एका पानावर तारीख आणि गावाचे नाव आहे, पुढे 'मुलगा' असे लिहिले आहे आणि त्याखाली सारे पान कोरे आहे.

पावसाळ्याचे दिवस होते. कृष्णेला पूर आला होता. बाळ सुखरूप जन्मले, पण आईचा रक्तस्राव थांबेना. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव धडधाकट बाईचाही दोन तासांत जीव घेतो. नानीने जे करता येण्यासारखे होते ते सारे केले. बैलगाडी जुंपली, पण मिरजेचा रस्ता पाण्याखाली गेला होता. ती बाई गाडीतच नानीच्या मांडीवर गेली. तिची जात वेगळी, धर्म वेगळा. पण त्या दिवसापासून अखेरपर्यंत नानीने नमाजनंतरच्या दुआत त्या बाईच्या मुलाचे नाव घेतले. तो मुलगा मोठा झाला, शिकला, आणि दर दिवाळीला फराळाचा डबा घेऊन आमच्या दारी येत राहिला.

मी एकदा विचारले, "नानी, तुझा काय दोष होता?" ती म्हणाली, "दोष नव्हता. पण मी तिथे होते ना." एका जिवाला वाचवणे म्हणजे साऱ्या मानवजातीला वाचवणे, ही कुरआनची शिकवण आपण किती सहज बोलून जातो. न वाचलेल्या एका जिवाचे ओझे काय असते, ते मला त्या कोऱ्या पानाने शिकवले.

बंद झालेली दारे

१९७५ च्या मे महिन्यात आपल्या देशात देवीचा शेवटचा रुग्ण सापडला. देवीची लस टोचायच्या त्या दोन टोकांच्या सुईने नानीनेही शेकडो दंडांवर पंधरा-पंधरा टोचे दिले होते. ती खूश होती. पण पुढच्याच महिन्यात आणीबाणी आली, आणि आरोग्य खात्याच्या माणसाकडे बघायची लोकांची नजर बदलली.

नसबंदीचे आकडे ठरवून दिले जात होते. नर्स, शिक्षक, तलाठी, सगळ्यांना 'केसेस' आणायला सांगितले जाई. १९७६-७७ या एका वर्षात देशभर ८० लाखांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचे विधेयकही मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून त्याचा कायदा झाला नाही. नानीचे म्हणणे साधे होते, "समजून-उमजून जो स्वतः येईल त्याला मी घेऊन जाईन. फसवून एकालाही नेणार नाही." याची किंमत तिने मोजलीच असेल, पण त्याबद्दल ती कधी बोलली नाही.

ती बोलायची ती दुसऱ्याच दुःखाबद्दल. ज्या घरांत तिने बाळंतपणे केली होती, त्या घरांची दारे तिला पाहून बंद होऊ लागली. पांढरी साडी दिसली की बाया पोरांना आत ओढत. बाळांचे डोस राहिले. नानी रागावली नाही. "दुधाने तोंड पोळलंय त्यांचं, ताक फुंकूनच पिणार," म्हणायची. ती नेहमीच्या दिवशी, नेहमीच्या वेळी मोहल्ल्यात जाऊन ओट्यावर बसत राहिली. सिरिंज पिशवीत ठेवायची आणि फक्त वजनाचा काटा बाहेर काढायची. "टोचायला नाही आले. बाळाचं वजन तरी बघू." आधी एक बाई आली, मग दुसरी. पूर्वीसारखी दारे उघडायला दोन वर्षे लागली.

दोन थेंब

१९९० साली ती निवृत्त झाली आणि मिरजेला मामूंकडे राहायला आली. कमरेला त्रास होता, पण मोहल्ला तिला बसू देत नव्हता. कुणाचे मूल तापले, कुणाचे टाके दुखले की आधी आपांकडे.

९ डिसेंबर १९९५ ला देशभर पहिला पल्स पोलिओ दिवस झाला. मी तेव्हा कॉलेजात होते. पुढे फेऱ्यांमागून फेऱ्या झाल्या आणि अफवा उठली, हे थेंब मुलांना पुढे मूल होऊ नये म्हणून आहेत. आज हे ऐकून हसू येते. पण नानी हसली नाही. तिला वीस वर्षांपूर्वीची बंद दारे आठवत होती. ती म्हणाली, "एकदा लोकांना फसवलं ना, की वीस वर्षांनी त्यांची नातवंडं त्याची किंमत देतात."

आलिम मंडळींनी, मशिदींच्या इमामांनी आवाहने केली. त्याचा मोठा उपयोग झाला. पण आमच्या गल्लीत शेवटची काही घरे उघडली ती नानीच्या हाताने. बर्फाच्या चार पॅकांचा तो निळा डबा घेऊन आरोग्याची मुलगी पुढे, आणि काठी टेकत नानी मागे. ज्या दारावर खडूने फुली मारलेली असे, तिथे नानी थांबे. आत जाऊन बसे. घरातल्या म्हातारीशी गुडघेदुखीवर बोले. मग सांगे, "बीबी, मी तुझ्या सुनेचं बाळंतपण केलं. तुला कधी फसवलं का?" मामूंचा नातू कडेवर असे. आधी त्याच्या तोंडात दोन थेंब पडत, मग त्या घरातल्या मुलांच्या. लोक विचारत, पुन्हा पुन्हा का पाजता? ती सांगे, "गल्लीतलं एक मूल राहिलं तरी रोगाला बसायला ओटा मिळतो."

१३ जानेवारी २०११ ला भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण आढळला. २७ मार्च २०१४ ला भारत पोलिओमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र मिळाले. ती बातमी ऐकायला नानी नव्हती.

मी गप्प बसले

आता त्या चार शब्दांकडे येते.

२००१ साली माझ्यासाठी एक चांगला रिश्ता आला. मी बी.एड. झाले होते. मंडळी बाहेरगावची, शिकलेली, घरंदाज. ते यायच्या आदल्या रात्री आमच्या घरात ठरले की नानीबद्दल विचारले तर 'सरकारी नोकरीत होत्या' एवढेच सांगायचे. ठरवणारे परके नव्हते. ज्या बाईच्या पगारावर त्यांची शिक्षणे झाली, तिचीच ती माणसे होती. आणि मी तिथेच बसले होते.

दुसऱ्या दिवशी चहा झाला. माझ्या होणाऱ्या सासूबाईंनी विचारले, "नानी कुठल्या खात्यात होत्या?" आमच्याकडून कुणीतरी म्हणाले, "जिल्हा परिषदेत." नानी कोपऱ्यात तसबीह घेऊन बसली होती. तिने माझ्याकडे पाहिले. मी मान खाली घातली.

रात्री मी तिच्या अंथरुणाशी गेले. तिने मला जवळ बसवले. नानी घरात दख्खनी बोलायची. म्हणाली, "झूट नै बोले, पन सच बी नै बोले." मग हसली. "जिल्हा परिषदेत होते हे खरंच आहे. आता त्यांना वाटेल मी रस्ते मोजत होते." ती हसली म्हणून मीही हसले. पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

मोहल्ल्याने जिला डोक्यावर घेतले, जिच्या शब्दावर लोकांनी आपल्या मुलांची तोंडे उघडली, तिचे काम आम्ही पाहुण्यांपुढे झाकून ठेवले. तिला कामाची लाज कधीच नव्हती. लाज आम्हाला होती, आणि आम्ही ती तिच्या नावावर घातली.

निकाह झाला. २००३ साली मी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आले. कळा सुरू झाल्या तेव्हा सासूबाईही आल्या होत्या. दवाखान्यात जायला रिक्षा येईपर्यंत नानी माझ्याजवळ बसली. एकाहत्तर वर्षांचा तो सुरकुतलेला हात माझ्या पोटावर होता आणि डोळे घड्याळावर. दोन कळांमधले अंतर ती मोजत होती. "घाबरू नकोस, अजून वेळ आहे. श्वास सोड." सासूबाई बघत होत्या. त्यांनी विचारले, "नानीमा, हे सगळं कुठे शिकलात?"

नानी काही बोलली नाही. तिने पुन्हा माझ्याकडे पाहिले, अगदी त्या दिवशीसारखे. कळ ओसरली तेव्हा मी म्हटले, "अम्मीजान, नानी नर्स होती. तेहतीस वर्षं."

सासूबाई क्षणभर थांबल्या. म्हणाल्या, "मग लपवलंत कशाला? मी काय रिश्ता मोडला असता?"

मोडला असता की नसता, अल्लाहला ठाऊक. पण आम्ही त्यांना ती संधीच दिली नव्हती. लोकांच्या मनात काय असेल याची भीती आम्ही स्वतःच्याच मनात पाळली होती. मुलगी झाली. तिच्या कानात अजान दिली गेली. थोड्याच दिवसांनी पोलिओची फेरी आली, तेव्हा नानीने माझ्या मुलीच्या तोंडात स्वतः दोन थेंब टाकले आणि सासूबाईंनी बाळाला धरले होते.

शेवटचे पाणी

२००९ च्या हिवाळ्यात नानी गेली. मोहल्ल्यातल्या कितीतरी मय्यत बायांना तिने गुस्ल दिले होते. तिला गुस्ल द्यायला अम्मी होती, मी होते आणि तिने शिकवलेल्या दोन बाया होत्या. उजव्या हातावर पाणी घालताना मला त्या हाताचा स्पर्श लहानपणापासून किती वेळा झाला होता ते आठवत राहिले. तापलेल्या कपाळावर, कळांच्या वेळी पोटावर, आणि त्या रात्री माझ्या डोक्यावर, जेव्हा खरे तर मी तिची माफी मागायला हवी होती.

बाहेर गल्लीत माणसे उभी होती. टोपीवाली होती, फेटेवालीही होती. नऊवारीतली एक म्हातारी जिन्याच्या पायरीवर बसून रडत होती. "माझी तिन्ही बाळंतपणं नर्सबाईनं केली," ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती. कुणीही न विचारता, मोठ्या आवाजात. जे आम्हाला जमले नव्हते, ते ती करत होती.

ती येणार कुठून?

माझे बोलणे संपले तेव्हा त्या गृहस्थांचा चहा गार झाला होता. ते म्हणाले, "पण मॅडम, जमाना वेगळा आहे."

मी म्हटले, वेगळा आहेच. म्हणून डोळे उघडे ठेवून निर्णय घ्या. कॉलेज मान्यताप्राप्त आहे का, वसतिगृह कसे आहे, रात्रपाळीला जाण्या-येण्याची सोय काय, डोके झाकायची परवानगी आहे का, हे सारे जाऊन विचारा. बाप म्हणून तो तुमचा हक्कच आहे. पण एका प्रश्नाचे उत्तर स्वतःला द्या. आपल्या सुनेच्या, लेकीच्या बाळंतपणाला आपण काय मागतो? डॉक्टर बाई हवी, नर्सही बाईच हवी, परद्याचा विचार करणारी हवी, आपली भाषा बोलणारी हवी. ती येणार कुठून? कुणाच्या तरी घरातून येणार. मग आपल्या घरातून का नको? सेवा दुसऱ्यांच्या मुलींनी करायची आणि इज्जत आपल्या मुलींनी सांभाळायची, हा कुठला न्याय?

ते बराच वेळ बसले. उठताना म्हणाले, "घरात बोलतो." चार दिवसांनी मुलीचा फोन आला. अर्ज भरला आहे. पुढे अल्लाहची मर्जी.

वाचक भगिनींनो, तुमच्याही घरात अशी कुणी असेल. नर्स, दाई, अंगणवाडीत राबलेली, दुसऱ्यांचे रुग्ण सांभाळून घर चालवलेली. पुढच्या वेळी रिश्त्याची मंडळी येतील आणि विचारतील, तेव्हा तिचे काम त्याच्या खऱ्या नावाने सांगा. ती ऐकायला हयात असेल तर फारच उत्तम.

अल्लाह माझ्या नानीची मगफिरत करो, तिची कबर नूरने भरो, आणि जे तिच्या हयातीत बोलायचे राहिले ते आता तरी बोलत राहण्याची आम्हाला तौफीक देवो. आमीन.